चव्हाट्यावरचं शहाणपण

प्राचीन ग्रीकांच्या कर्तबगारीची यादी करायला बसलं की पहिल्या पानापासूनच खोडाखोड सुरू होते. काटकोन त्रिकोणाचा जो नियम आपण शाळेत पायथागोरसच्या नावानं घोकला, त्यातले आकडे बॅबिलोनच्या मातीच्या पाटीवर त्याच्या हजार-बाराशे वर्षं आधीच कोरलेले आहेत. आपल्या शुल्बसूत्रांतही वेदी बांधण्याच्या ओघात तो नियम सहज सांगून टाकलेला आहे. लिपी ग्रीकांनी फिनिशियन व्यापाऱ्यांकडून घेतली. नाणी पाडायची कल्पना शेजारच्या लिडियाची. एक पाय पुढे टाकून, मुठी वळून उभा असलेला पाषाणातला पुरुष इजिप्तचा. ग्रहणांच्या शतकानुशतकांच्या नोंदी पुन्हा बॅबिलोनच्याच. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पंडितांना ग्रीस हा आभाळातून पडलेला चमत्कार वाटायचा. वाल्टर बुर्केर्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी गेल्या शतकात त्या चमत्काराखालचा पूर्वेचा पाया उकरून दाखवला.

मग उरलं काय? बरंच उरलं, फक्त ते शोधांच्या यादीत सापडत नाही. आपलं म्हणणं चारचौघांत मांडायचं, समोरच्याला ते खोडायची मुभा द्यायची, आणि ‘मी सांगतो म्हणून’ यापलीकडचं काहीतरी कारण द्यायचं, ही सवय ग्रीकांनी राजकारणात, गणितात, वैद्यकात आणि रंगभूमीवर एकाच वेळी मुरवली. त्यांची उत्तरं पुष्कळदा चुकली, कधीकधी भयंकर चुकली. तरीही ती चूक होती हे सांगण्याची रीतही बहुतेक वेळा त्यांचीच होती. या लेखात त्यांच्या कामगिरीकडे मी या बाजूनं बघणार आहे.

सुरुवात लिहिण्यापासून करावी लागते. क्रीट, मायसीनी, पिलॉस इथल्या राजवाड्यांत इ.स.पू. १४०० ते १२००च्या दरम्यान एक लिपी चालत होती. तिच्या मातीच्या पाट्या शेकड्यांनी सापडल्या. मायकेल व्हेंट्रिस या तरुण इंग्रज वास्तुविशारदानं १९५२ साली ती लिपी उलगडली, तेव्हा आतली भाषा जुनी ग्रीक निघाली. मजकूर मात्र निव्वळ कुलकर्ण्याचं दप्तर होता: मेंढ्या किती, तेल किती, रथाची चाकं किती, कोणत्या कामकरणीला किती शिधा. इ.स.पू. १२००च्या सुमारास ते राजवाडे जळाले आणि त्यांच्याबरोबर लेखनही बुडालं. जवळजवळ चारशे वर्षं ग्रीकांना लिहिता येत नव्हतं.

इ.स.पू. आठव्या शतकात लिहिणं परत आलं ते फिनिशियन अक्षरांत. ग्रीकांनी त्यात स्वरांची भर घातली. अक्षरं जेमतेम दोन डझन, त्यामुळे ती शिकायला दरबारी लेखनिक असण्याची गरज उरली नाही. या नव्या लिपीतले अगदी सुरुवातीचे लेख वाचले की गंमत वाटते. अथेन्सच्या एका सुरईवर लिहिलंय की ही सुरई सगळ्यात छान नाचणाऱ्याला मिळेल. इटलीजवळच्या इस्किया बेटावर सापडलेल्या एका पेल्यावर होमरच्या कथेतल्या एका सुप्रसिद्ध पेल्याची थट्टा करणाऱ्या ओळी आहेत. हिशोबनिसाच्या हातातली लेखणी मेजवानीतल्या पाहुण्यांच्या हाती गेली होती. पुढच्या शतकात कायदेही दगडावर आले. क्रीटमधल्या ड्रेरोस या छोट्याशा गावात देवळाच्या भिंतीवर कोरलेला कायदा सांगतो की एकदा मुख्य अधिकारी झालेल्या माणसाला दहा वर्षं पुन्हा ते पद घेता येणार नाही. कायदा देवळाच्या भिंतीवर, पण तो देवाचा म्हणून नव्हे, गावाचा म्हणून. वाचता येणारे थोडेच असतील, पण तो तिथे आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

होमर मात्र लिपीच्या अलीकडचा आणि पलीकडचाही. मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकानं १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियात फिरून निरक्षर गायकांची लांबलचक कथागीतं ध्वनिमुद्रित केली, आणि ‘इलियड’मधली ठरावीक विशेषणं, ठरावीक ओळी या तोंडी रचनेच्या खुणा आहेत हे सिद्ध केलं. पोवाडे आणि ओव्या ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यात फारसं नवल वाटू नये. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. सुमारे १५,७०० ओळींचं हे महाकाव्य युद्धाचं म्हणून ओळखलं जातं, पण ते सुरू होतं ते भर सभेतल्या भांडणानं. अकिलिस सेनापतीला सगळ्यांदेखत लोभी ठरवतो. दुसऱ्या सर्गात थर्साइटिस नावाचा एक कुरूप, किरकोळ शिपाई उठून तेच बोलतो, आणि ओडिसियस त्याला राजदंडानं बडवून खाली बसवतो. बोलण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न ग्रीक साहित्यानं पहिल्याच दमात मांडला आणि त्याचं उत्तर तेव्हा काठीनं दिलं. त्याच काव्यात शेवटी म्हातारा प्रायम आपल्या मुलाला मारणाऱ्याच्या तंबूत जातो, त्याच्या हातांचं चुंबन घेतो, आणि दोघं आपापल्या माणसांसाठी रडतात. शत्रूला दुःख असतं हे ग्रीकांना आरंभापासून ठाऊक होतं. त्यांच्या तलवारीला ते फारसं ठाऊक नव्हतं, हे पुढे येईलच.

इ.स.पू. सहाव्या शतकात आशिया मायनरच्या किनाऱ्यावर, मिलेटस या भरभराटीच्या बंदरात, थेल्स म्हणाला की सगळ्याचं मूळ पाणी. त्याच्या मागून आलेला अनॅक्झिमँडर म्हणाला, पाणी नव्हे. त्यानंतरचा अनॅक्झिमेनिस म्हणाला, हवा. यातलं कोणतंच उत्तर आज टिकत नाही. पण परंपरा ज्यांना गुरु-शिष्य म्हणते त्या तिघांनी एकमेकांना खोडून काढलं आणि तिघांचीही नावं आदरानं टिकली, ही गोष्ट साधी नाही. अनॅक्झिमँडरची एक युक्ती तर थक्क करणारी आहे. थेल्सची पृथ्वी पाण्यावर तरंगायची. मग पाणी कशावर, हा प्रश्न कोणतंही पोर विचारील. अनॅक्झिमँडरनं आधारच काढून टाकला: पृथ्वी सगळ्या बाजूंपासून सारख्याच अंतरावर आहे, म्हणून एका बाजूला पडायला तिला काही कारणच नाही. दिसत नसलेल्या गोष्टीबद्दल केवळ कारणाच्या जोरावर उभं केलेलं हे विधान आहे. थोड्याच काळानं झेनोफेनिस देवांकडे वळला. इथिओपियन लोकांचे देव काळे, थ्रेसच्या लोकांचे देव निळ्या डोळ्यांचे. घोड्यांना हात असते तर त्यांनी घोड्यासारखेच देव रंगवले असते, असा त्याचा टोला होता.

हे तिथेच का झालं? बंदर, व्यापार, मोकळा वेळ ही नेहमीची कारणं अपुरी आहेत, कारण बंदरं आणि मोकळा वेळ फिनिशियनांकडेही होता. केंब्रिजचे जेफ्री लॉइड यांनी आयुष्यभर या प्रश्नाचा पाठलाग केला आणि चीनशी तुलना करत एक उत्तर दिलं: ग्रीक विचारवंत सभेत आणि न्यायालयात तापलेल्या वादपद्धतीत वाढले. त्यांना राजाचं मन वळवायचं नव्हतं, अनोळखी बरोबरीच्या माणसांचं वळवायचं होतं. काळ्या समुद्रापासून आजच्या फ्रान्समधल्या मार्सेपर्यंत हजाराहून जास्त ग्रीक नगरराज्यं पसरली होती, प्रत्येकाचा कायदा वेगळा. एका गावानं हाकललेला माणूस पुढच्या गावात जाऊन तेच बोलू शकत असे. सगळ्यांना बांधणारा धर्मग्रंथ नव्हता, त्याचा अर्थ सांगणारा पुरोहितवर्गही नव्हता. मला हे उत्तर बरंचसं पटतं. मात्र त्याचा अर्थ ‘बाकीचे वाद घालत नव्हते’ असा काढणारे चूक करतात. याज्ञवल्क्याला भर सभेत कोंडीत पकडणारी गार्गी आपल्याकडे आहे, आणि भाषेच्या विश्लेषणात पाणिनीच्या जवळपास फिरकेल असा एकही ग्रीक नाही.

गणितात या सवयीनं जे केलं ते सगळ्यात टिकाऊ ठरलं. बॅबिलोनचा गणिती उदाहरणांमागून उदाहरणं सोडवून दाखवत असे, आणि ती अचूक असत. ग्रीकानं विचारलं: सगळ्याच त्रिकोणांना हे लागू कशावरून? इ.स.पू. ३००च्या सुमारास अलेक्झांड्रियात युक्लिडनं तेरा भागांत जी मांडणी केली तिचा ढंग थेट न्यायालयातला आहे. आधी दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या मोजक्या गोष्टी लिहून घ्यायच्या, मग त्यांच्या आधारानं एक-एक पाऊल टाकायचं, आणि प्रतिपक्षाला ‘नाही’ म्हणायला कुठेही फट ठेवायची नाही. मूळ संख्या कितीही गोळा केल्या तरी त्यांच्याबाहेर आणखी एक असणारच, हे त्यानं काही ओळींत दाखवलं. आज दोन हजार तीनशे वर्षांनी त्या ओळींत दुरुस्ती करायला जागा नाही.

युक्लिड शिस्तीचा, तर सिराक्यूजचा आर्किमिडीज अवलिया. वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंची बहुभुजाकृती बसवून त्यानं परिघ आणि व्यास यांचं गुणोत्तर तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांश आणि तीन पूर्णांक एक सप्तमांश यांच्या चिमटीत पकडलं. नेमका आकडा माहीत नाही, पण चूक किती असू शकते ते मात्र सिद्ध करून देतो, हा प्रामाणिकपणा मला उत्तरापेक्षा मोठा वाटतो. त्याचा समकालीन एराटोस्थेनिस अलेक्झांड्रियातून न हलता पृथ्वी मोजून बसला. दक्षिणेला सायीनी म्हणजे आजच्या आस्वानमध्ये उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी ऐन दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो; त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावली वर्तुळाच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी पडते. म्हणून दोन गावांतलं ५,००० स्टेडिया अंतर गुणिले पन्नास. स्टेडियाची नेमकी लांबी किती धरायची यावर अजून वाद आहे, पण रीत बिनचूक आहे. सामोसच्या ॲरिस्टार्कसनं तर सूर्य मध्यभागी ठेवून पृथ्वी फिरवली होती. त्याचं ऐकलं गेलं नाही, आणि त्याला कारणही होतं. पृथ्वी फिरत असेल तर ताऱ्यांच्या जागा वर्षभरात सरकलेल्या दिसायला हव्यात, आणि त्या दिसत नव्हत्या. तारे अकल्पनीय दूर आहेत, असं त्यावर उत्तर होतं, पण ते सिद्ध करायला दुर्बीण नव्हती.

ग्रीकांना विचार जमला, यंत्र जमलं नाही, असं एक जुनं मत आहे. १९०१ साली अँटिकिथेरा बेटाजवळच्या बुडालेल्या जहाजातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांनी वर आणलेल्या गंजक्या ब्राँझच्या गोळ्यानं ते मोडीत काढलं. त्यात किमान तीस दातेरी चाकं आहेत. एका चाकाला २२३ दाते, कारण ग्रहणं २२३ चांद्रमासांच्या फेऱ्यानं परततात. हे बॅबिलोनचं ज्ञान ग्रीक भूमितीत बसवून हातानं फिरवायच्या मुठीला जोडलेलं होतं. तसं यंत्र युरोपात पुन्हा दिसायला हजाराहून जास्त वर्षं जावी लागली.

वैद्यकात यश कमी आणि धडा मोठा. हिपोक्रेटिसच्या नावावर साठेक ग्रंथ मोडतात. त्यातला कुठला त्याचा स्वतःचा, हे कोणीच छातीठोकपणे सांगत नाही. अपस्माराला लोक दैवी रोग म्हणत. त्यावरच्या एका पुस्तिकेचा लेखक म्हणतो की इतर रोगांपेक्षा यात काही जास्त दैवी नाही. शेळ्यांना हा रोग होतो, मेलेल्या शेळीची कवटी फोडा आणि मेंदू पाण्यानं भरलेला दिसतो का ते स्वतः बघा. त्याचं स्वतःचं स्पष्टीकरणही चूकच होतं, पण तपासून बघता येईल असं होतं. याच ग्रंथसमूहात थासोस बेटावरच्या आणि आसपासच्या रोग्यांची टिपणं आहेत. रोज ताप कसा, लघवी कशी, झोप कशी, नावागावासकट. अशा ४२ टिपणांपैकी २५ रोगी दगावतात. वैद्यानं आपली अपयशं इतक्या निर्विकारपणे लिहून ठेवावीत हे त्या काळात दुर्मिळ आहे, आणि आजही फार सुलभ झालेलं नाही. दुसऱ्या बाजूला, शरीरातल्या चार रसांचा ग्रीक सिद्धांत पुढे गॅलेन या वैद्याच्या हातून इतका पक्का बसला की युरोपातले वैद्य पार अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत रोग्यांचं रक्त काढत राहिले.

आता अथेन्स. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त कौतुक आणि सगळ्यात जास्त लाज इथेच आहे. इ.स.पू. ५०८-५०७ मध्ये क्लाइस्थेनिसनं जुन्या घराण्यांचे गट मोडून माणसांची विभागणी गावांनुसार केली. पाचशे जणांची समिती चिठ्ठ्या टाकून निवडली जायची. न्यायालयात न्यायाधीशच नव्हता. वर्षाला सहा हजार नागरिकांची यादी, त्यातून रोज सकाळी खाचा पाडलेल्या दगडी यंत्रातून नावं निघत आणि पाचशे-पाचशे जण एका खटल्याला बसत. कोण बसणार हे आधी कळत नसल्यानं लाच द्यायची कोणाला हाच प्रश्न पडे. बोलण्याची वेळ पाण्याच्या घड्याळानं मोजली जाई. निवडणूक श्रीमंतांना फळते, चिठ्ठी सगळ्यांना, हा त्यांचा हिशोब आपल्या निवडणुकांकडे बघताना डोक्यातून जात नाही.

माजोरी होत चाललेल्या पुढाऱ्याला दहा वर्षं गावाबाहेर काढायचीही सोय होती. त्याचं नाव खापरीवर ओरबाडून टाकायचं, एवढंच मतदान. अशा हजारो खापऱ्या सापडल्या आहेत. पण ॲक्रोपोलिसच्या उतारावरच्या एका विहिरीत एकाच वेळी १९० खापऱ्या निघाल्या, सगळ्यांवर थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्याचं नाव, आणि हस्ताक्षरं फक्त चौदा. कोणीतरी आयत्या मतपत्रिका लिहून वाटायला ठेवल्या होत्या. लोकशाहीच्या जन्माबरोबर तिची ही विद्याही जन्मली.

या सभेत बायका नव्हत्या, परदेशी रहिवासी नव्हते, गुलाम नव्हते. लॉरियनच्या चांदीच्या खाणींत, माणूस सरपटतच जाईल अशा बोगद्यांत, गुलाम खपत होते. त्याच चांदीतून थेमिस्टोक्लिसनं जे आरमार उभारलं त्यानं सॅलॅमिसला इराणी सम्राटाचा पराभव केला. विरोधाभास अथेन्सच्या पायाभरणीतच आहे. इरेख्थियॉन देवळाच्या बांधकामाचे जमाखर्च दगडावर कोरलेले सापडले. त्यात नागरिक, परका आणि गुलाम शेजारी-शेजारी खांब घडवतात आणि तिघांचीही मजुरी दिवसाला एकच ड्राख्मा. गुलामाची मजुरी अर्थात त्याचा मालक नेई.

बहुमत चुकतं तेव्हा किती चुकतं, हेही अथेन्सनंच लिहून ठेवलं. इ.स.पू. ४२७ मध्ये मिटिलिनी या बंडखोर गावातल्या सगळ्या पुरुषांना मारायचं असा ठराव झाला आणि जहाज निघालं. रात्रीत लोकांना पश्चात्ताप झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चर्चा, थोडक्या मतांनी ठराव फिरला, दुसरं जहाज रवाना झालं. वल्हेकऱ्यांनी वल्ही मारता मारताच पीठ खाल्लं आणि फर्मान वाचलं जात असताना ते पोहोचलं. तरीही बंडाच्या सूत्रधारांपैकी हजारभर लोक मारले गेले. अकरा वर्षांनी मेलॉस बेटाची पाळी आली, तेव्हा दुसरं जहाज निघालं नाही. पुरुष मारले गेले, बायका-मुलं विकली गेली. हे सगळं सांगणारा थ्युसिडिडीज स्वतः अथेन्सचा पडलेला सेनापती होता. आपल्याच गावाबद्दल इतकं थंड, बिनमाफीचं लिहिणारा इतिहासकार त्यानंतरही क्वचितच झाला. त्याच्याआधीचा हेरोडोटस गप्पिष्ट, भोळा वाटतो, पण ग्रीक आणि परके या दोघांचेही पराक्रम विस्मरणात जाऊ नयेत हे त्यानं पहिल्याच वाक्यात जाहीर करून टाकलं आहे. मला दोघांतला तोच जास्त आवडतो.

मेलॉसच्या कत्तलीनंतर काही महिन्यांतच, इ.स.पू. ४१५च्या वसंतात, युरिपिडीसनं डायोनिससच्या उत्सवात ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ हे नाटक केलं. त्यात युद्ध संपलेलं आहे, पुरुष मेलेले आहेत, आणि उरलेल्या बायका कोणाच्या वाट्याला कोण जाणार याची वाट पाहत बसल्या आहेत. प्रेक्षकांत मेलॉसच्या बाजूनं नव्हे, विरोधात मत दिलेली माणसं होती. याच नाट्यगृहात नाटकांआधी मांडलिक गावांकडून आलेल्या खंडणीचं प्रदर्शन होत असे. म्हणजे साम्राज्याची मिरवणूक आणि साम्राज्याचं शवविच्छेदन एकाच जागी, एकाच सरकारी उत्सवात, श्रीमंत नागरिकांकडून सक्तीनं उभ्या केलेल्या पैशात. नाटकाला स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला.

ग्रीक शोकांतिकेला मी सगळ्या ग्रीक कलांत वरचं स्थान देतो ते यामुळे. एस्किलसनं सॅलॅमिसनंतर अवघ्या आठ वर्षांनी पराभूत इराण्यांच्या दरबारातला आकांत अथेन्सच्या रंगमंचावर आणला. तो स्वतः मॅरेथॉनला इराण्यांशी लढला होता. सोफोक्लिसच्या ‘अँटिगनी’त राजा आणि भाची यांपैकी एकालाही नाटककार मूर्ख ठरवत नाही, म्हणून ते नाटक टिकतं. विनोदाला तर लगामच नव्हता. ॲरिस्टोफेनिसनं चालू युद्धात सेनापतींची, पुढाऱ्यांची आणि सॉक्रेटिसची नावं घेऊन रेवडी उडवली. मराठीला हे जग परकं नाही. पु. ल. देशपांड्यांनी ‘राजा ओयदिपौस’ केलं, विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं. पण आपण या ओयदिपौसकडे, म्हणजे इडिपसकडे, नशिबाची गोष्ट म्हणून बघतो. मला तो तपासाची गोष्ट वाटतो. चौकशी थांबव, असं त्याला जो तो विनवतो आणि तो थांबत नाही.

शिल्पाबद्दल थोडक्यात, कारण त्याबद्दल सगळेच बोलतात. आपल्या मनातला शुभ्र संगमरवरी ग्रीस खोटा आहे. पुतळे भडक रंगवलेले असत, आणि त्यांच्या दृष्टीनं श्रेष्ठ मानले गेलेले ब्राँझचे पुतळे बहुतेक वितळवले गेले. पार्थेनॉन (इ.स.पू. ४४७ ते ४३२) डोळ्याला सरळ दिसतं, पण त्याचा चौथरा मध्ये किंचित फुगलेला आहे आणि खांब आत झुकलेले आहेत. मित्रराज्यांच्या संरक्षणनिधीतून हा थाट केला, असा आरोप अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याच्यावर तेव्हाच सभेत झाला होता.

तत्त्वज्ञानाची गाठ या सगळ्याशी इ.स.पू. ३९९ मध्ये पडली, जेव्हा त्याच चिठ्ठीनं निवडलेल्या नागरिकांनी सॉक्रेटिसला विष दिलं. बाजारात उभा राहून लोकांना प्रश्न विचारणारा हा माणूस या संस्कृतीचा सगळ्यात शुद्ध नमुना होता आणि तिलाच तो सोसला नाही. प्लेटोनं त्यातून लोकशाहीवर विश्वास ठेवायचा नाही एवढा धडा घेतला, आणि आदर्श राज्याचं जे चित्र काढलं त्यात सॉक्रेटिसला बाजारात उभं राहता आलं असतं की नाही याची शंकाच आहे. गंमत ही की हे सगळं त्यानं संवादांत लिहिलं, जिथे विरोधी बाजूलाही तोंड असतं. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल वीस वर्षं त्याच्या अकादमीत राहिला आणि मग त्याच्या मुख्य सिद्धांतावरच उलटला. ॲरिस्टॉटल लेस्बॉसच्या खाडीतले मासे चिरून बघत असे. शार्कच्या एका जातीत पिल्लू आईशी नाळेनं जोडलेलं असतं हे त्याचं निरीक्षण लोकांना भाकड वाटलं, आणि एकोणिसाव्या शतकात योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञानं ते खरं ठरवलं. त्याच्या शाळेनं १५८ राज्यांच्या घटना गोळा केल्या. आणि याच माणसानं काही माणसं जन्मतःच गुलाम असतात हे तर्काच्या भाषेत लिहून ठेवलं. त्याच्या काळातही गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे म्हणणारे होते. त्यांची नावंसुद्धा न घेता, त्यांना उत्तर देताना त्यानं ते लिहिलंय. म्हणजे त्याला दुसरी बाजू ऐकूच आली नव्हती असंही म्हणता येत नाही.

अलेक्झांडरनंतर हे सगळं पूर्वेला पसरलं. अफगाणिस्तानात आमूदर्याच्या काठी आय खानूम इथे फ्रेंच उत्खननात ग्रीक नाट्यगृह मिळालं, आणि राजवाड्याच्या खजिन्यात एका तत्त्वज्ञानविषयक संवादाचा ठसा. पपायरस कुजून गेला होता, शाई मातीवर उमटून राहिली होती. आपल्या कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांनी दानं दिल्याचे लेख आहेत. त्यांची नावं इथली, श्रद्धा बौद्ध. ते कितपत ग्रीक उरले होते हा वेगळा प्रश्न. वराहमिहिरानं मात्र मोकळेपणानं म्हटलं की यवन म्लेंच्छ असले तरी ज्योतिषशास्त्र त्यांच्यात चांगलं रुजलेलं आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान द्यावा.

जे आज आपल्या हाती आहे ते एकूण लेखनाचा एक लहानसा तुकडा आहे. सोफोक्लिसनं शंभराच्या वर नाटकं लिहिली, उरली सात. सॅफोच्या कवितांच्या अलेक्झांड्रियात लावलेल्या गुंडाळ्यांपैकी पूर्ण म्हणावी अशी एखादीच कविता. १५८ घटनांपैकी अथेन्सची तेवढी मिळाली, तीही इजिप्तमध्ये, शेतीच्या जमाखर्चाच्या पाठकोऱ्या बाजूवर. बायझंटियमच्या लेखनिकांनी जे नकललं ते टिकलं. आर्किमिडीजचा एक ग्रंथ खरवडून त्यावर तेराव्या शतकात प्रार्थना लिहिल्या गेल्या. त्याखालची अक्षरं १९०६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओळखली गेली.

आणि बगदादनं जे भाषांतरलं ते टिकलं. नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक गॅलेनच्या एका पुस्तकासाठी इराक, सीरिया, पॅलेस्टाइन, इजिप्त पालथा घालतो आणि दमास्कसमध्ये त्याला जेमतेम अर्धं मिळतं. ते पुस्तक सिद्धता कशी द्यावी याबद्दलचं होतं. अरबीत लिहिणाऱ्या पंडितांनी ग्रीकांची पूजा केली असा समज आहे, तो बरोबर नाही. अल-राझीनं ‘गॅलेनविषयी शंका’ हा ग्रंथ लिहिला, इब्न अल-हैथमनं ‘टॉलेमीविषयी शंका’. त्यांच्याही आधी, इ.स. सहाव्या शतकात, अलेक्झांड्रियातला ख्रिस्ती पंडित फिलोपोनस म्हणाला होता की वजनात कितीतरी पट फरक असलेल्या दोन वस्तू वरून सोडून बघा, पडायला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच असतो. ॲरिस्टॉटल वेगळं म्हणतो.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमच्या एका हवेलीत शेकडो गुंडाळ्या कोळसा होऊन पडल्या होत्या. उलगडायला गेलं की भुगा. २०२३ मध्ये त्यातली एक न उघडता, क्ष-किरणांनी आणि संगणकाला शिकवून, काही रकाने वाचण्यात आले. लेखक बहुधा एपिक्युरसपंथी फिलोडेमस. विषय सुख, खाणं, संगीत, आणि दुर्मिळ गोष्टी जास्त सुख देतात का. मजकुराच्या शेवटाकडे तो नाव न घेता आपल्या विरोधकांवर घसरतो: सुखाबद्दल बोलायला यांच्याकडे काहीच नाही, ना सर्वसाधारण, ना नेमकं. विरोधक कोण होते याचा अंदाज स्टोइक पंथीयांकडे जातो. त्यांनी काय उत्तर दिलं ते बाकीच्या गुंडाळ्यांत असेल तर कळेल.